पाण्यातला हात

पुनावळ्यात आमच्या जुन्या वस्तीपाशी आता मोठी सोसायटी झाली आहे. तिच्या बागेत एक तळं आहे. सकाळी लोक त्याच्याभोवती चालतात, लहान मुलं पाण्यात पावाचे तुकडे टाकतात, आणि मासे वर येतात. तळ्याच्या कडेला माझ्या वडिलांच्या नावाची पाटी आहे. 'या परिसरात मत्स्यशेतीची सुरुवात करणारे' असं तिच्यावर कोरलं आहे. दर वर्षी तात्यांच्या पुण्यतिथीला सोसायटीतली पोरं मला हाताला धरून तिथं नेतात, पाटीला हार घालायला सांगतात, आणि मी घालतो.

पाटी खोटी आहे. तात्यांनी एकही मासा आणला नाही. मासे आणले नरहर बोडस नावाच्या माणसानं. ज्या दिवशी ते मासे मरायला लागले, त्या दिवशी मारणाऱ्यांत आमचं घर होतं. गावात चार म्हातारे उरलेत, त्यांना बोडस आठवतात ते 'शेण टाकून मासं मारणारा सायेब' म्हणून. तेही खोटं आहे. मी नव्वदीला टेकलो. माझ्यामागं हे सांगणारं कुणी राहणार नाही, म्हणून लिहायला बसलो. बसताना वाटलं होतं, आपल्या मनातलं ओझं उतरवू. पण लिहू लागलो की माझी लाज मागं राहते आणि बोडसच पुढे येऊन उभे राहतात. तेच बरं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पवनेच्या नावेत. तेव्हा पुनावळ्याला यायचं तर चिंचवड स्टेशनात उतरून नदीपर्यंत चालायचं, आणि पावसाळ्यात नावेनं पलीकडं यायचं. नाव भोयांची. नवरा वारल्यापासून कोंडाबाई भोईणच ती चालवायची. मी दापोडीला एका वर्कशॉपात कामाला होतो. आषाढातली संध्याकाळ होती, नदी गढूळ फुगलेली. नावेत आधीच एक गृहस्थ बसले होते. डोक्यावर टोपी, अंगात कोट, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि पुढ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या मातीच्या तीन हंड्या. एका हंडीत त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत बुडालेला. दुसऱ्या हंडीत त्यांच्या शिपायाचा. तिसरी मोकळी होती.

मी बसतो न बसतो तोच ते म्हणाले, "तुमचा हात स्वच्छ आहे का हो? तेलबिल नाही ना?"

वर्कशॉपातून आलेला माणूस, माझ्या हाताला तेलाशिवाय दुसरं काय असणार. त्यांनी मला नदीत हात धुवायला लावला, वाळूनं घासायला लावला, वास घेऊन पाहिला, आणि तिसऱ्या हंडीत घातला. "फिरवा. घोटू नका, नुसता फिरवा. तान्ह्या मुलाच्या आंघोळीचं पाणी आपण कसं हलवून बघतो, तसं. थांबायचं मात्र नाही."

कोंडाबाईनं वल्हं मारता मारता वाकून पाहिलं. "काय हाय वं ह्यात? ताक?"

"मासे."

तिनं पुन्हा पाहिलं. पाण्यात केसाएवढ्या बारीक काड्या होत्या आणि प्रत्येक काडीला दोन काळे ठिपके. "मासं कुठं? निस्तं डोळं हायत."

"आत्ता डोळेच आहेत. बाकीचं तुमच्या गावात वाढणार."

"कुठनं आणलं?"

"कलकत्त्याच्या नदीतून."

कोंडाबाई इतकी हसली की नाव डुलली. मला म्हणाली, "ऐकलं का रं नामा? आमच्या पवनंतलं मासं मेलं, म्हणून सायबानं बंगाल्यातनं आणलं!"

"पवनेतले मासे तुम्ही पकडता, कोंडाबाई," बोडस शांतपणे म्हणाले. "हे पेरायचे आहेत."

हावड्यापासून चिंचवडपर्यंत रेल्वेच्या सामानाच्या डब्यात बसून त्यांनी आणि शिपायानं आळीपाळीनं हंड्यांतलं पाणी हलवत आणलं होतं. हात थांबला की पाण्यातली हवा संपते आणि पिलं तळाशी बसतात, मग उठत नाहीत. तेव्हा दुसरी काही सोय नव्हती. माणसाचा हात हेच यंत्र. नाव पलीकडं लागेपर्यंत माझा खांदा भरून आला. हा माणूस हे किती दिवस करत आला असेल, असं मनात आलं.

त्या प्रवासांनी त्यांच्या हाताला एक खोड लावली होती. ते बसले असले, बोलत असले, चहाची वाट पाहत असले, तरी उजवा हात गुडघ्यावर हलक्या हातानं गोल फिरत असायचा. चिंचवड गावठाणात ते एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहायचे. त्या मला एकदा म्हणाल्या, "झोपेतसुद्धा हलतो रे हात. मी भिऊन कुलदेवतेला बोलले होते." याच बाई त्यांना नदीवर आंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेत नसत. थंडीत कुडकुडत ओल्या पंच्यानं दारात उभे असलेले बोडस मी पाहिले आहेत. तक्रार कधी ऐकली नाही. "त्यांचंही बरोबर आहे, मला माशाचा वास येतो," असं म्हणायचे, आणि ते जरा अभिमानानंच.

गावाला सगळ्यांत मोठी गंमत वाटायची ती निराळीच. हा माणूस मासा खात नव्हता. आईला तसा शब्द दिला होता म्हणे. "पोटात घालणार नाही, एवढंच कबूल केलंय. डोक्यात घालायला तिनं बंदी केली नव्हती." दुसरी गंमत म्हणजे त्यांना पोहता येत नव्हतं. कोकणातला जन्म, मत्स्यखात्यातली नोकरी, आणि गुडघ्याच्या वर पाणी आलं की चेहरा पांढरा. कोंडाबाईला दोन्ही गोष्टी कळल्यावर तिला वर्षभराचं खाद्य मिळालं. "पवता येत न्हाई, खाता येत न्हाई, आन् म्हणं माशाचा सायेब!" नावेत बसले की ती मुद्दाम नाव हलवायची. बोडस दोन्ही हातांनी फळी धरून ठेवायचे आणि म्हणायचे, "कोंडाबाई, मी बुडालो तर तुमच्या गावाला सरकार दुसरा माणूस देईल. तो खाणारा निघाला तर?"

त्यांनी मासे टाकले ते आमच्या शेतालगतच्या खाणीत. आज सोसायटीच्या बागेत तळं आहे, ते तीच खाण. इंग्रजांच्या वेळी पुलाच्या कामाला तिथून दगड काढला होता. मग खाण तशीच पडली आणि पाण्यानं भरली. उतरायला पायऱ्यांसारखे दगडी टप्पे, मध्ये खोल डोह. आम्ही तिला निकामी जागा समजायचो. त्याच रात्री गावकीच्या बैठकीत बोडस म्हणाले, तुमच्या गावातलं सगळ्यांत चांगलं शेत हेच.

बैठकीला तात्या मध्यभागी बसलेले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, "सायेब, श्यात कशाला म्हणत्यात ते आमाला ठावं हाय."

"मग सांगा तात्या, तुमच्या एका वावरात एका वेळी किती पिकं येतात?"

"एकच येतंय. लई तर कडंला तूर."

"या शेतात तीन येतात. एकावर एक." आणि त्यांनी मुंबईतली चाळ सांगायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावर कटला राहतो, त्याचं तोंड वर वळलेलं, तो वरवरचं खातो. मधल्या मजल्यावर रोहू. तळमजल्यावर मृगळ, तो खाली पडलेलं उष्टं-खरकटं वेचतो. तिघं शेजारी, पण एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात नाही. "भांडण नसलेली अशी चाळ मुंबईत एकही नाही," ते म्हणाले, आणि बैठक पहिल्यांदा मोकळी हसली.

मग ते उठून पूर्वेकडं हात करून उभे राहिले. पिंपरीच्या बाजूला तेव्हा औषधाच्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या, दुसऱ्या कारखान्यांच्या जागांची मोजणी चालली होती. रेशनच्या रांगा लोक विसरले नव्हते. "हे वाढत वाढत इकडं येणार आहे," ते म्हणाले. "चाकणपर्यंत जाईल. माणसं येतील, सातारा, नगर, मराठवाडा, कुठून कुठून येतील. ती जेवणार काय? ज्वारी पिकवायची जमीन तर तुम्ही कारखान्याला दिलेली असेल. तेव्हा ज्या खड्ड्यातनं दगड काढून कारखाने बांधले, तोच खड्डा जेवायला घालील. जमीन आडवी वाढत नाही, तात्या. पाणी उभं पिकतं."

कुणीतरी मागून म्हणालं, "चाकणपत्तुर? सायबाला ताप हाय." लोक पुन्हा हसले. मीही हसलो. आज माझ्या खिडकीतून मजल्यांवर मजले दिसतात, आणि चाकणच्या कंपन्यांच्या बस पहाटेपासून दारावरून जातात. ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. आमच्यापैकी कुणाला पुढच्या वर्षाचं दिसत नव्हतं. या माणसाला पुढच्या पिढीची भूक दिसत होती, आणि तिच्यासाठी तो हंडीत हात घालून हावड्याहून आला होता.

बैठकीनं होकार दिला. अटी बोडसांनी घातल्या. खाणीत म्हशी घालायच्या नाहीत, धुणं धुवायचं नाही, गळ टाकायचा नाही. मग ते स्वतः पाटीनं शेण वाहून पाण्यात टाकू लागले. गावाला हा वेडेपणाच वाटला. पण शेणानं पाण्यात हिरवट जीव धरतो आणि तो मासा खातो, हे त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी धरून, उन्हाकडं करून घराघरांत दाखवलं. मला सांगून ठेवलं होतं, "नामदेवराव, कामावरून येता-जाता पाण्याचा रंग बघत जा. हिरव्या मुगासारखा असला तर मी सुखी. काळपट दिसला तर धावत या." आणि मी बघत जाऊ लागलो.

वर्षभरात मासे हातभर झाले. नमुना म्हणून एकदा कोंडाबाईनं जाळं टाकून थोडे काढले आणि चार घरांत वाटले. दुसऱ्या दिवशी बोडस त्या चारही घरांत जाऊन बसले. "चव कशी होती? पवनेच्या माशापेक्षा गोड की उग्र? काटे कुठे लागले, शेपटाकडं की पोटाकडं? रस्सा दाट झाला का? मुलांनी मागून घेतला?" जन्मापासून न पाहिलेल्या रंगांबद्दल एखाद्यानं विचारावं, तसं ते विचारत होते. आमच्या आईनं सांगितलं, कटल्याचं डोकं फार चविष्ट, आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटी आईलाच कसंतरी झालं. ती म्हणाली, "भाऊसाहेब, एक घास खाऊन बगा की." ते म्हणाले, "तुम्ही सांगताय ना. मी त्यावरच जगतो."

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी ते वेगळ्याच तोऱ्यात होते. त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, या खाणीतनं उन्हाळ्यात मासे निघाले तर या पट्ट्यातल्या सगळ्या खाणी, तळी, चाकणकडच्या गावांचे पाणवठे, सगळीकडं बीज सोडू. नाही निघाले तर हा उद्योग बंद. बोडसांनी एवढं सगळं या एका डबक्यावर लावलं होतं, आणि ते गावात प्रत्येकाला माहीत होतं.

आता अंबाडीचं सांगतो.

आमच्याकडं तेव्हा दोरखंड घरीच वळायचे. मोटेचा सोल, बैलांची दावी, सगळं अंबाडीच्या वाखाचं, सालीच्या धाग्यांचं. दिवाळीच्या सुमाराला अंबाडी कापायची, मोळ्या बांधायच्या, त्यांच्यावर दगड ठेवून पाण्यात बुडवायच्या. आठ-दहा दिवसांत साल कुजते, वाख सुटतो. हे काम नदीच्या डोहात व्हायचं. अंबाडी कुजली की डोहातले मासे गुदमरून वर येतात, हे पोराटोरांनाही माहीत. लहानपणी आम्ही टोपल्या घेऊन त्या दिवसाची वाटच बघायचो.

त्या वर्षी पाऊस लांबला. नदीला दिवाळीतही ओढ होती, मोळ्या वाहून गेल्या असत्या. तात्या म्हणाले, "खाणीत टाकू. थांबलेलं पाणी, बेस वाख निघल." कुणी तरी म्हणालं, सायेब? तात्या म्हणाले, "सायबानं म्हशीचं सांगितलं, धुण्याचं सांगितलं. अंबाडीचं काय सांगितलं व्हतं?"

नव्हतं सांगितलं. कोकणातल्या माणसाला आमची अंबाडी कुठून ठाऊक असणार. मला मात्र ठाऊक होतं, आणि पाण्याचा रंग बघायला मला ठेवलं होतं. मी तात्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मोळ्या उचलू लागलो. आमच्यामागून इतर घरांनीही आपापल्या मोळ्या आणल्या. बोडस तेव्हा दिवाळीला घरी गेले होते.

ते परत आले त्या दिवशी उजाडता उजाडता खाणीवर पोचले. मी पहिल्या गाडीसाठी निघालो होतो, लांबून पाहिलं. वारा नव्हता, पाऊस नव्हता, तरी सगळ्या पाण्यावर थेंब पडत असल्यासारखं हलत होतं. जवळ गेलो तेव्हा कळलं, ती माशांची तोंडं होती. शेकडो तोंडं, पाण्याच्या वर, उघडत होती, मिटत होती. पाणी काळं पडलं होतं, नाकाला झोंबत होतं. काही मासे उलटे होऊन पांढरे दिसू लागले होते.

बोडस काठावर उभे होते. त्यांनी कोट काढला, टोपी काढली, दोन्ही नीट दगडावर ठेवली, आणि दगडी टप्पे उतरू लागले. गुडघ्यापर्यंत पाणी आलं. कमरेपर्यंत आलं. मी ओरडलो, "सायेब, फुडं खोल हाय!" ते छातीपर्यंत जाऊन थांबले, वाकून त्यांनी पहिली मोळी ओढली आणि काठाकडं ढकलली. मग दुसरी. मग शेवटच्या टप्प्यावर उभं राहून, गळ्यापर्यंत पाण्यात, ते दोन्ही हातांनी पाणी हलवू लागले. घोटत नव्हते, फिरवत होते. ज्या हातानं त्यांनी हंडी आणली होती, त्याच हातानं ते आता अख्खी खाण हलवत होते.

मला त्या वेळी हे हास्यास्पद वाटायला हवं होतं. केवढी खाण, आणि केवढेसे दोन हात. पण मला आयुष्यात देवळात जे कधी झालं नाही ते तिथं झालं. माझे हात आपोआप जुळले.

मग वल्हं खांद्यावर घेऊन कोंडाबाई आली. तिनं एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा मोळ्यांकडं, आणि माझ्याकडं पाहिलं तेव्हा मी मान खाली घातली. ती सरळ लुगड्याचा काष्टा आवळून पाण्यात शिरली आणि बोडसांना दंडाला धरून म्हणाली, "मागं सरा सायेब, तुमच्या पायाखाली टप्पा संपतोय." त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा ती त्यांच्या पुढं, खोल बाजूला, पाय मारत तरंगत राहिली आणि वल्ह्यानं पाणी झोडू लागली. माझ्याकडं वळून ओरडली, "नामा, उभा काय ऱ्हायलास मुडद्या? तुझ्या बापाला सांग मोट जुप म्हणावं!"

आमची विहीर खाणीच्या वरच्या अंगाला होती. मी धावत गेलो. तात्या गोठ्यात होते. मी सांगितलं, त्यांनी काही विचारलं नाही. बैल सोडले, दोन्ही मोटा जुंपल्या, मोट जिथं रिती होते त्या थारोळ्याचा पाट कुदळीनं फोडला आणि पाणी खाणीकडं वळवलं. वरून कड्यावरून पाणी कोसळू लागलं, दगडावर आपटून फुटू लागलं. जिथं ते पडत होतं तिथं मासे गोळा होऊ लागले. ते बघून बोडस पाण्यातून ओरडले, "तात्या, थांबू नका! हवा उतरतेय पाण्यात!" आणि तात्या, ज्यांनी मोळ्या टाकल्या होत्या ते तात्या, दुपार टळेपर्यंत मोट हाकत राहिले. गावातल्या ज्या ज्या घरांच्या मोळ्या होत्या, तिथली माणसं एकेक करत आली, मोळ्या ओढून काढू लागली, घागरींनी पाणी उंचावरून ओतू लागली.

अर्धेअधिक मेले. उरलेल्यांची तोंडं दुपारनंतर पाण्याखाली गेली. बोडस बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ निळे होते, बोटं सुरकुतली होती. काठावर बसले, आणि उजवा हात गुडघ्यावर फिरतच होता. कोंडाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. त्या दिवसानंतर तिनं नाव कधी मुद्दाम हलवली नाही.

पुढच्या आठवड्यात वरिष्ठ साहेब जीपनं आले. बैठक भरली. वाळत घातलेल्या अंबाडीच्या मोळ्या तिथून दिसत होत्या, पण साहेब शहरातले, त्यांना ते जळण वाटलं असणार. त्यांनी विचारलं, मासे कशानं मेले? मग तात्या म्हणाले, "आमी अडाणी मानसं. पर पाण्यात रोज शेण पडत व्हतं, येवढं खरं." दोघा-तिघांनी मान डोलावली. साहेब बोडसांकडं वळले. मी बोडसांच्या शेजारी उभा होतो. मला बोलता आलं असतं.

बोडसांनी मोळ्यांकडं एकवार पाहिलं, आणि म्हणाले, "शेणाचा अंदाज चुकला. जबाबदारी माझी."

नावेपर्यंत त्यांना पोचवायला गेलो. वाटेत धीर करून विचारलं, "तुम्हाला अंबाडीचं कळलं होतं ना?"

"पहिल्या मोळीला हात लागला तेव्हाच. आमच्याकडं नारळाची सोडणं कुजवतात, तसाच वास."

"मग का नाही सांगितलं?"

ते चालता चालता थांबले. "सांगितलं असतं तर काय झालं असतं, नामदेवराव? कुंपण आलं असतं, राखणदार आला असता, गावाला दंड झाला असता. मग मासे सरकारचे झाले असते. सरकारी वस्तू मेली तर कुणी मोट जुंपत नाही. परवा तुमच्या वडिलांनी जुंपली. ती मी पाहिली." थोडं पुढं जाऊन म्हणाले, "शेणाचं नाव निघालं तर माझी फक्त बदली होईल. मासे इथंच राहतील. यात तोटा कुणाचा आहे?"

स्वतःचं नाव इतक्या सहज पाण्यात सोडून देणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

बदली झाली, थेट सोलापूरकडं. उन्हाळ्यात खाणीचं पाणी उतरलं आणि कोंडाबाईच्या भावकीनं जाळी लावली. एकेक कटला दोघांनी उचलावा असा निघाला. गावातल्या प्रत्येक चुलीवर मासा शिजला, आणि कामगार वस्त्यांमध्ये विकायला गेला. चाकणकडची माणसं बघायला आली. त्यांनी विचारलं, ही खाण कुणाची, मासे कुणी सोडले? तात्या पुढं उभे होते. लोकांनी त्यांच्याकडं बोट केलं, तात्यांनी नाही म्हटलं नाही, आणि पाटीवरचं नाव खरं तर त्या दिवशीच कोरलं गेलं. त्या वर्षी एक मात्र झालं. अंबाडी कापली तेव्हा तात्यांनी कुणी न सांगता सगळ्या मोळ्या गाडीत घालून दूर ओढ्यावर नेल्या. गावानंही नेल्या. कुंपण नव्हतं, राखणदार नव्हता.

शेवटचे बोडस दिसले ते त्याच्या आदल्या आषाढात, म्हणजे मासे निघाले त्याच वर्षीच्या पावसाळ्यात. पोस्टकार्ड आलं होतं, अमुक दिवशीच्या पॅसेंजरनं चिंचवडवरून पुढं जाणार आहे, पवनेचं पाणी घेऊन या, नळाचं नको. मी आणि कोंडाबाई डोक्यावर घागरी घेऊन फलाटावर उभे राहिलो. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. साहेब, मला माहीत होतं. साहेब, मी बोललो नाही. आज सांगायचंच, असं ठरवलं होतं.

गाडी आली. शेवटच्या सामानाच्या डब्याचं दार उघडं होतं आणि आत हंड्यांच्या रांगेमध्ये बोडस बसले होते. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, हात हंडीत. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आधी पाणी! गाडी थांबत नाही फार." आम्ही घागरी दिल्या. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला, आणि हंड्यांत हळूहळू मिसळू लागले. कोंडाबाई म्हणाली, "सायेब, खाल्ला सगळ्या गावानं. पोरांनी ताटं चाटली."

"डोकं?"

"डोकं म्या खाल्लं."

"कसं होतं?"

"तुमच्या आईला ठावं असतं, तर तिनं शब्द घेतला नसता."

ते इतके मोठ्यानं हसले की हमाल वळून बघू लागले. मग त्यांनी एक हंडी दाराशी सरकवली. "ही तुमची. वाटेत एखादी हंडी फुटतेच, हे सरकारलाही ठाऊक आहे. चाकणवाले आले तर त्यांना यातलीच द्या." हंडी मी धरली. गार्डानं शिट्टी दिली. मी म्हणालो, "साहेब, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"हात!" ते ओरडले. "नामदेवराव, हात थांबवू नका!"

मी हंडी फलाटावर टेकवली आणि हात आत घातला. गाडी हलली. कोंडाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. डबा पुढं सरकत गेला, दारात बोडस आमच्याकडं बघत बसलेले. त्यांना हात वर करता आला नाही, कारण तो पाण्यात होता. मलाही करता आला नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो आणि आपापल्या हंडीतलं पाणी हलवत राहिलो.